पिवळी खूण

१

ज्या दिवशी ही गेली, त्या दिवशी मी एका व्हॅनच्या दाराला प्रायमर मारत होतो. गाड्या रंगवणं हा माझा धंदा. शर्यतीला मी जात नसे, मला बघवत नसे. ती निघताना मी "सावकाश ये" म्हणायचो आणि ती हसायची, कारण सावकाश यायला कोणी शर्यतीत उतरत नाही.

फोन मेहुण्याचा आला. तिचा धाकटा भाऊ. "दाजी, या," एवढंच बोलला. मी विचारलं, "गाडी का ती?" तो म्हणाला, "या तुम्ही." मग मला कळलं. गाडी असती तर त्याने गाडी म्हणून सांगितलं असतं.

तिची शर्यत म्हणजे सरळ रस्त्याची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि एक चहा ओतून होईस्तोवर सगळं संपलेलं असतं. वळण नाही, ओव्हरटेक नाही. रस्ता संपतो तिथे थांबायला मोकळी जागा असते, मग वाळू, मग भिंत. आमच्या हिची गाडी रस्ता संपला तरी थांबली नाही. वाळूतून गेली आणि भिंतीला लागली. गाडीचं तोंड वाकलं. तिची मान गेली.

शर्यतीच्या चौकशी समितीने सांगितलं, घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेला. होतं असं. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. मेलेल्या माणसाकडून कोण भांडणार?

पण लेक गप्प बसली नाही. तेराव्यानंतर, घर जरा रिकामं झाल्यावर, तिने गाडीवरचं कापड काढलं आणि मामाला म्हणाली, "समोरचं सगळं बदलायचं. पुढच्या शर्यतीत ही गाडी मी चालवणार."

मी म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"बाबा, आई घाबरून मेली असं लोक म्हणतात. मला ते ऐकत जगायचं नाही."

तिच्या आईसारखीच. एकदा बोलली की दार बंद. नाव दिलं, गाडीचं काम सुरू झालं, आणि माझी झोप गेली. शर्यत येत्या रविवारवर आली होती तेव्हा क्लबच्या तपासनीस बाई माझ्या दुकानात आल्या. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासून पास करायची हे त्यांचं काम. लोक मागून त्यांना चाळणी म्हणतात, कारण त्यांच्यातून खडा सुटत नाही. रंगाच्या डब्यावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या,

"पेंटर, तुमची बायको घाबरली नव्हती. तिची गाडी कोणीतरी बदलली होती."

२

मी ब्रश खाली ठेवला.

"आत इंजिन बंद करायचा लाल स्विच असतो," बाई म्हणाल्या. "अपघातानंतर तो बंद होता. मला वाटलं, तिला बाहेर काढणाऱ्यांनी बंद केला असेल. काल त्यांच्यातला एकजण भेटला. म्हणाला, आम्ही हात घालायच्या आधीच बंद होता. आता विचार करा. जो माणूस घाबरून चुकीचं पेडल दाबतो, त्याला वाटत असतं आपण ब्रेकच दाबतोय. तो आणखी जोरात दाबतो. तो इंजिन बंद करायला जात नाही. तिने पेडल सोडलं होतं आणि तरी गाडी पळत होती. ते तिला कळलं, तिने स्विच मारला. उशीर झाला एवढंच."

माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात आला. त्या स्विचकडे जाणारा. मी उठून दुकानाचं दार लावलं. का लावलं ते माहीत नाही.

"सरावाच्या आदल्या दिवशी मी गाडी पास केली," बाई पुढे म्हणाल्या. "तेव्हा पेडल पूर्ण दाबून सोडून पाहिलं होतं, टुणकन वर आलं. म्हणजे जे बदललं ते त्यानंतर. गाडीला हात कोणाकोणाचा लागतो?"

"तिघांचा. ही चौथी."

तिघं म्हणजे मेहुणा, फुंकर आणि लेक. मेहुणा चाकं, ब्रेक, गाडीखालचं सगळं बघतो. तोंडात मूग धरून बसणारा माणूस. फुंकर म्हणजे शेजारचा कार्बोरेटर दुरुस्त करणारा. कार्बोरेटरच्या बारीक भोकांत सारखा फुंकत बसतो म्हणून फुंकर. बडबड्या. हिच्याशी त्याचं एकदा चांगलंच वाजलं होतं, कारण एखादी शर्यत मला चालवू द्या असं तो म्हणत होता आणि ही म्हणाली होती, "तू तोंड चालव, गाडी मी चालवते." लेक आतलं बघायची: सीट, पट्टे, पेडलं.

"आणि तुम्ही?"

"मी खुणा करतो."

ते बाईंना समजावून सांगावं लागलं. दोन शर्यतींच्या मध्ये गाडी पूर्ण उघडतात. प्रत्येक बोल्ट सुटतो, परत बसतो. कोणता हलला, कोणता नाही, हे कळावं म्हणून हिने नियम केला होता. बोल्ट बरोबर बसला की मी बारीक ब्रशने बोल्ट, नट आणि खालचा पत्रा यांच्यावरून एक पिवळी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. मग ज्याला दिसेल त्याने तो परत रेघेवर आणायचा. विचारायचं नाही, सांगत बसायचं नाही. खुणेवर आणलं की काम संपलं. हिला कामात बडबड आवडत नसे.

"सगळ्या गाडीवर खुणा आहेत?"

"इंजिनच्या वर नाहीत. फुंकर करू देत नाही. म्हणतो, माझं हवेप्रमाणे रोज बदलतं, मला रंग लावू नका."

बाई डब्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, "या तिघांपैकी कोणी काय बदललं ते कळेपर्यंत मी तुमच्या मुलीला सोडणार नाही."

"मग नकाच सोडू. पाया पडतो."

"मी नाही सोडलं तर ती दुसऱ्या क्लबात जाईल. तिथे टायरला लाथ मारून पास करतात. मुलगी तुमचीच ना?"

"तिच्या आईची आहे," मी म्हटलं.

बाई गेल्या आणि मी घराकडे निघालो. घराला लागूनच शेड आहे. शेडचं दार उघडं होतं. गाडी उचललेली होती, गाडीखालून लेकीचे पाय दिसत होते, आणि तिचा मामा जॅकचा दांडा हातात घेऊन उभा होता.

३

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मेहुण्याच्या हातातून दांडा पडला.

लेक घसरत बाहेर आली, तोंडाला ग्रीस. "काय झालं बाबा? साप निघाला का?"

"बाहेर ये. आधी बाहेर ये."

"अहो, स्टँड लावलेत की चारी बाजूंनी. जॅक तर मामा काढून ठेवत होता." ती मामाकडे बघून हसली. "बाबांना वाटलं, तू मला चपटी करतोयस."

मेहुणा हसला नाही. मीही नाही. ज्याला मी माझ्या लग्नात अर्ध्या चड्डीत पाहिलं होतं, त्या माणसाच्या हाताकडे मी बघत होतो.

लेक हात धुवायला घरात गेली. मी तिच्या मागे गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. पाण्याचा एक पेला, तेवढाच वेळ. शेडमध्ये मेहुणा गाडीच्या आत अर्धा वाकलेला होता. डोकं पेडलांपाशी, हातात टॉर्च. माझी चाहूल लागताच दचकला आणि त्याचं डोकं वरच्या पाइपला आपटलं.

"काय करतोस?"

"काही नाही. बघत होतो."

"आतलं तर लेक बघते. तू काय बघतोस?"

"काही नाही म्हटलं ना, दाजी." त्याने टॉर्च खिशात घातला. चेहरा राखेसारखा झाला होता. डोकं चोळत तो निघून गेला, चहाला थांबला नाही. आमच्याकडचा चहा सोडून तो कधी गेला नव्हता.

त्या दिवसापासून मी शेडमध्येच बसून राहू लागलो. लेक म्हणायची, "बाबा, दुकान ओस पडलंय." मी म्हणायचो, रंग वाळतोय. ती रेडिएटर बसवत होती, पुढचे सांधे बदलत होती, आणि मी प्रत्येक पान्यावर नजर ठेवून होतो. कोण कुठे हात घालतं. कोण कुठे घालत नाही. एक गोष्ट सगळ्यांनी टाळली होती. तिच्या सीटवर अजून कोणी बसलं नव्हतं. इंजिन चालू केलं नव्हतं, पेडलाला पाय लावला नव्हता. ते सगळं शेवटी करू, असं लेक म्हणाली होती.

फुंकर यायचा, बॉनेटजवळ उभा राहायचा, हात न लावता जायचा. पूर्वी यायचा तो बोलतच. "गाडी आणि म्हातारा, सकाळी खोकल्याशिवाय सुरू होत नाहीत," हे त्याचं रोजचं. आता नुसता उभा. एकदा मी म्हटलं, "काय रे, जीभ गहाण टाकलीस?"

तो म्हणाला, "दादा, पोरीला यातून बाहेर काढा. ही गाडी भंगारात द्या."

"का?"

"द्या म्हणतो ना." आणि तो जवळजवळ पळतच गेला.

४

बाईंनी तिघांनाही गाठलं. मी बरोबर होतो.

फुंकर त्याच्या दुकानात होता. समोर सुटे भाग मांडलेले, पण हात मांडीवर.

"सरावाच्या दिवशी काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वहिनी म्हणाल्या, गाडी ओढत नाही. दम नाही. मी बॉनेट उघडलं. त्यांना आत बसवलं, म्हटलं पूर्ण दाबा. दाबलं. वरून पाहिलं तर थ्रॉटल, ती इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडत नव्हता. मग मी उघडून दिला."

"कसा उघडून दिला?"

"माझं ते रोजचंच आहे, बाई. इकडचं तिकडे."

"पेडलाकडे पाहिलंस? का उघडत नव्हता?"

"पेडल माझ्याकडे नाही. माझं वरचं. खालच्यात हात घातला तर वहिनी हात तोडायच्या." मग तो हळूच म्हणाला, "त्यांना माहीत होतं मी काय केलं ते. त्यांच्यासमोरच केलं."

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला घाम फुटला होता. निरपराध माणसाला इतका घाम का यावा?

लेकीला आम्ही स्वयंपाकघरात विचारलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबवलं नाही.

"शर्यतीच्या सकाळी आतलं कोणी पाहिलं?"

"मीच. नेहमीसारखं. पट्टे ओढून बघितले, सीटचे बोल्ट, ब्रेक, लाल स्विच, पेडलांचे बोल्ट, दाराच्या कड्या. दोन-तीन खुणा सरकल्या होत्या, जुळवल्या. मग आईला सांगितलं, आत सगळं खुणेवर आहे. आई म्हणाली, शाब्बास." लाटणं जरा अडखळलं. "तेच शेवटचं बोलली माझ्याशी. बाई, खरं सांगा, आई घाबरली होती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते मी लिहून देईन."

लेकीने पोळी तव्यावर टाकली आणि तोंड फिरवलं. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मेहुण्याला त्याच्या घराच्या जिन्यात गाठलं. "त्या दिवशी पेडलांपाशी काय शोधत होतास?" बाईंनी सरळ विचारलं.

"काही नाही."

"तुझी सख्खी बहीण होती."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांमागूनच म्हणाला, "मी तिला मारलं नाही. माझ्या मुलांची शपथ. मी जे केलं त्याने कोणी मरूच शकत नाही."

"काय केलंस?"

तो मुकाट उठला, आत गेला आणि आतून कडी लावली.

५

लेक कामावर गेल्यावर बाई शेडमध्ये आल्या. बॉनेट उघडलं. मला म्हणाल्या, "पेंटर, तिच्या सीटवर बसा."

"मला जमायचं नाही."

"मी बसले तर वरून बघणार कोण? आणि तुम्ही बसला नाहीत तर पहिली तुमची मुलगी बसेल."

मी बसलो. सीट तिच्या मापाची, माझे गुडघे वर आले. समोर तिने चिकटवलेला कागदी बाण अजून होता, मीटरच्या काट्याने कुठे पोचायचं ते दाखवणारा. मी खाली पाहिलं.

अॅक्सिलरेटरच्या खाली गाडीच्या तळावर एक बोल्ट उभा असतो. पेडल त्याच्यावर टेकलं की पुढे जात नाही. बोल्ट उंच केला तर पेडल लवकर अडतं, खाली नेला तर जास्त दाबलं जातं. त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या चेकनटवर मीच रेघ ओढली होती. रेघ जुळत होती, पण माझं काम रंगाचं. जवळ वाकून पाहिलं तर नटच्या कडांवरचा रंग खरवडला गेला होता. रेघ एका ओळीत होती, पण तुकड्यातुकड्यांनी.

"हा बोल्ट कोणीतरी फिरवून परत जागेवर आणलाय," मी म्हटलं.

"वाटलंच," वरून आवाज आला. "इथे थ्रॉटलच्या लिव्हरला दोन भोकं आहेत. बाहेरचं झिजून चकचकीत झालंय, म्हणजे पेडलाच्या केबलची पिन कायम त्यात असायची. आता ती आतल्या भोकात आहे. दाबा."

मी पाय ठेवला. इंजिन बंद होतं, बॅटरीसुद्धा काढलेली होती, तरी वाटलं गाडी सुटेल आणि समोरची भिंत अंगावर येईल.

"आणखी दाबा. पूर्ण. तिने दाबलं असतं तसं."

मी दाबलं. पेडल बोल्टवर टेकलं. वर कुठेतरी टक असा बारीक आवाज झाला.

"आता सोडा."

मी पाय उचलला. पेडल वर आलं नाही.

६

बाईंनी मेहुण्याला आणि फुंकरला माझ्या दुकानात बोलावलं. दार लावलं. मेहुणा दाराजवळ उभा, फुंकर कोपऱ्यात, आणि मी मध्ये. दोघांपैकी कोणाच्या अंगावर जायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

"सायकलचं स्टँड पाहिलंय ना," बाई म्हणाल्या. "मधली जागा ओलांडेपर्यंत स्प्रिंग त्याला मागे ओढते. ओलांडली की तीच स्प्रिंग त्याला पलीकडे धरून ठेवते. थ्रॉटलच्या लिव्हरचं तसंच आहे. मर्यादेत राहिला तर स्प्रिंग बंद करते. मर्यादेपलीकडे गेला तर स्प्रिंगच त्याला उघडा धरते. तो पलीकडे जाऊ नये म्हणून पेडलाखाली बोल्ट असतो. भिंतीला धडक बसली तेव्हा हिसक्याने लिव्हर परत आला. म्हणून सगळं ठीक दिसलं." त्या फुंकरकडे वळल्या. "पिन आतल्या भोकात तू घातलीस."

"हो," फुंकर म्हणाला. "आतल्या भोकात घातली की तेवढ्याच दाबात जास्त उघडतं. मी तपासलं होतं, बाई! वहिनींनी पेडल पूर्ण दाबलं, थ्रॉटल बरोबर पूर्ण उघडला, सोडल्यावर परत आला. कुठे अडकला नाही. नंतर ऐकलं, आणि तेव्हापासून हेच डोक्यात. पण कसं झालं ते मला कळत नाही. आईशप्पथ कळत नाही."

"कारण तू तपासलंस तेव्हा बोल्ट उंच होता. पेडल लवकर अडत होतं. म्हणूनच गाडीला दम नव्हता. तुला वाटलं बिघाड वर आहे." बाई मेहुण्याकडे वळल्या. "बोल्ट उंच तू केलास."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. फुंकरने मला मागून धरलं. मेहुणा हलला नाही, हातही वर केला नाही.

"केला," तो म्हणाला. "आधीच्या शर्यतीत गाडी दोनदा तिरकी गेली होती, दाजी. तिने तुम्हाला सांगितलं नाही. मला म्हणाली, त्यांना सांगशील तर याद राख. मी सांगितलं, सोड आता. ऐकते का? बाईंनी गाडी पास केल्यावर मी बोल्ट उंच केला. पेडल अर्ध्यावर अडलं की गाडी पळणार नाही. हरेल, चिडेल, घरी येईल. बास. त्याने कोणी मरतं का? हळू गाडीने कोणी मरतं का, सांगा!"

फुंकरचे हात सैल पडले.

"मग ती गेली. त्या दिवशी शेडमध्ये धीर करून पेडलापाशी पाहिलं, तर बोल्ट खाली होता. मी उंच ठेवलेला. तेव्हा वाटलं, कोणीतरी मुद्दाम..." त्याने फुंकरकडे पाहिलं. "मला वाटलं, याने."

"आणि मला वाटलं, मी," फुंकर म्हणाला. त्याला रडू फुटलं.

मी म्हटलं, "मग खाली कोणी नेला?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. तीच नजर, स्वयंपाकघरातली. आणि मला लाटण्याचा आवाज ऐकू आला. दोन-तीन खुणा सरकल्या होत्या, जुळवल्या.

मी खाली बसलो. रंगाचा डबा होता का जमीन, आठवत नाही.

"तिने नियम पाळला," बाई म्हणाल्या. "खूण सरकलेली दिसली, बोल्ट खुणेवर आणला, कोणाला सांगितलं नाही. तिच्या आईनेच तसं शिकवलं होतं. म्हणजे त्या सकाळी पिन आतल्या भोकात आणि बोल्ट खाली; थ्रॉटलला मर्यादाच उरली नाही. शर्यतीआधी टायर गरम करताना पाय तळाला जात नाही. पहिल्यांदा गेला तो हिरव्या दिव्याला."

७

सगळ्यात आधी मेहुणा बोलला. "तिला सांगायचं नाही."

"हो," फुंकर म्हणाला. "काय गरज आहे?"

"मी सांगतो, मीच उंच केला आणि मीच खाली नेला. मामाने मारलं म्हणू दे. थुंकू दे तोंडावर. आयुष्यभर मला तोंड दाखवू नको म्हणू दे. पण तिला हे नको." तो माझ्या पायाशी बसला. "दाजी, तुम्ही फक्त हो म्हणा."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. मघाशी ज्याचा गळा धरायला निघालो होतो, त्याचे पाय धरावेसे वाटले.

"आणि रविवारी?" बाईंनी विचारलं.

"रविवारी काय? पिन बाहेरच्या भोकात घातली की झालं," फुंकर म्हणाला.

"ते या वेळचं. पुढच्या वेळी तू आणखी काही बदलशील, कारण तुझं रोज बदलतं. तिला एखादी खूण सरकलेली दिसेल. ती काय करेल?"

फुंकरने बाहीने तोंड पुसलं.

"जुळवेल आणि गप्प बसेल," बाई म्हणाल्या. "कारण तिच्या मते ते बरोबर आहे. आईने शाब्बास म्हटलं होतं. नुसता नियम बदलून ती ऐकणार नाही, आईचा नियम आहे तो. का बदलायचा, हे सांगावं लागेल. तिने पेडलाखालचा बोल्ट तुमच्यासमोर सांगितला, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या मनातही आलं नाही. असा हात मी गाडीला लावू देणार नाही. पेंटर, तिला कळल्याशिवाय मी गाडी पास करत नाही. आणि दुसरीकडून पास करून आणली, तर तुम्हालाच माहीत तुम्ही कशाला भ्याल ते."

"तुम्हीच सांगा ना तिला," मी म्हटलं. "तुम्हाला नीट सांगता येतं."

"मी बाहेरची. मी सांगितलं तर तो आरोप होईल."

बाई दार उघडून गेल्या. बाहेर नेहमीसारखी रहदारी होती, कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मेहुणा आणि फुंकर एकाच पायरीवर, खांद्याला खांदा लावून बसले. इतके दिवस ते एकमेकांना चुकवत होते.

मी घरी आलो. आजवर मला वाटत होतं, दोघांपैकी एकजण माझ्या लेकीला मारेल. आता कळलं की दोघांपैकी कोणीच मारणार नाही, आणि भीती होती तिथेच आहे. न सांगावं तर एक दिवस गाडी तिला नेईल. सांगावं तर ती ज्या हातांनी जेवते, त्या हातांकडे उद्यापासून कशी बघेल? ही असती तर तिने सांगितलं असतं. दोन वाक्यांत, हातातलं काम न थांबवता. मला हिच्याशिवाय घरात बोलायची सवयच नाही.

लेक शेडमध्ये पुढच्या चाकाचे नट आवळत होती. वर न बघताच म्हणाली, "बाबा, चाळणीबाई आल्या होत्या म्हणे. काय म्हणाल्या?"

"कार्बोरेटरची पिन बदलायला सांगितलीय. फुंकर येईल उद्या."

"आणि? पास?"

"अजून नाही."

"का? काय राहिलंय?"

ती उठून उभी राहिली, हात पुसत. मी तिच्याजवळ जाऊन तिच्या हातातला पाना घेतला. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "आधी जेवून घे."

आम्ही जेवलो. ती आईबद्दल बोलत होती, मी ऐकत होतो. आज शुक्रवार. गाडी झाली आहे. रेडिएटर, पुढचे सांधे, चाकं, ब्रेक, सगळं झालं आहे. लेकीला सांगायचं राहिलं आहे.